आरशातली ट्रंक

मुनिरका, नवी दिल्ली
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे

प्रिय ताई,

आत्ता मी गच्चीवर गुडघ्यांचे पॅड धुऊन दोरीवर वाळत घालत होतो. हवा इतकी खराब आहे की समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकीही नीट दिसत नाही. आई म्हणाली, या हवेत वाळवण्यापेक्षा ते न धुतलेले बरे होते. मी तरी ते दोन-दोन चिमटे लावून टांगले आणि तिथेच पायरीवर बसून तुला लिहायला घेतलं. फोनवर नाचाचा विषय निघाला की तू फोन दिनकर भाऊजींच्या हातात देतेस आणि मग आम्ही दोघं पानिपतच्या चादरींच्या भावावर बोलत बसतो. मला आता चादरींतलं बरंच कळायला लागलं आहे, पण मला सांगायचं असतं वेगळंच. म्हणून हे पत्र. मराठी लिहायला तूच शिकवलंस. शाळा मी दहावीनंतर सोडली, तरी तुझी शिकवणी सुटली नाही. आधी कच्चं लिहून मग हे पक्कं लिहितो आहे, त्यामुळे खाडाखोड दिसणार नाही.

पहिली बातमी सीझनची. यंदा कंपनीचा सीझन आजवरचा सगळ्यात मोठा आहे. अठ्ठावीस नोव्हेंबरला मंडी हाउसच्या नाट्यगृहात सुरुवात, जानेवारीत गुरुग्राम आणि शेवट फेब्रुवारीत नोएडाला. कुमुद मॅडमनी चार रचना निवडल्या आहेत आणि त्यांत आपली 'ट्रंक' आहे. तीही पहिली किंवा मधली नाही, शेवटची. पोस्टरवर फोटोसुद्धा तिचाच आहे. आबांची काळी लोखंडी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात 'हवालदार खंडेराव जगदाळे', आणि मागे नुसता अंधार. परवा मंडी हाउसला उतरलो तर भिंतीवर तीन पोस्टरं ओळीने लावलेली होती. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो आणि लांबून पाहिलं. आपण बदलीमागून बदली त्या ट्रंकेवर बसून काढल्या. झाशी, जबलपूर, मग दिल्ली कॅन्ट. दर वेळी आई तिच्यात भांडी भरायची आणि दर वेळी झाकण लागायचं नाही म्हणून आपण दोघं वर चढून उड्या मारायचो. त्या उड्यांचं एवढं होईल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्याला ऊन लागलं समजून आबांनी आधी पाणी पाजलं असतं. आता ते ऑफिसच्या गेटवर ड्यूटीला असताना बाकीच्या गार्डना सांगतात की पोरगं कंपनीत आहे. कोणती कंपनी ते सांगत नाहीत. निम्म्यांना वाटतं मी फौजेत आहे.

तू पानिपतला गेल्यापासून 'ट्रंक' केलीच नव्हती. तुझा डावा गुडघा दुखावला तेव्हा मॅडमनी ती बंद केली, आणि ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले की चाला, शिकवा, हळूहळू नाचाही, पण डाव्या पायावर उडी झेलायची नाही. 'ट्रंक'चा सगळा जीव त्या एका उडीत आहे. ट्रंकेवरून डाव्या पायावर उतरायचं, त्याच पायावर गर्रकन फिरायचं आणि माझ्या हातावर पडायचं. तू म्हणालीस, माझं झालं आता.

या सीझनसाठी मॅडमनी तुझ्या जागी मैत्रेयीला घेतलं. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी आहे, वडील मंत्रालयात आहेत. मराठी बोलते, पण मॅडम 'टाच उचल' म्हणाल्या की माझ्याकडे बघते आणि मी हळूच 'एड़ी' म्हणतो. मेहनती आहे. कंपनीची रीत तुला माहीतच आहे. जागा सोडणाऱ्याने नवीन माणसाच्या मागे उभं राहून, पाठीवर हात ठेवून, सगळी रचना एकदा अंगातून अंगात द्यायची. मॅडमनी तुला दोनदा फोन केला होता. तुझ्या शाळेत परीक्षा होत्या. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं, म्हणून लिहितो.

तू येणार नाहीस म्हटल्यावर मॅडमनी मैत्रेयीला जुना व्हिडिओ दिला आणि सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत घरी बसवून ये. तिने खरंच बसवून आणली. क्वार्टरमधला सोफा बाल्कनीत काढून ठेवला होता म्हणे, पाहुणे फराळाला आले ते उभ्यानेच खाऊन गेले. सुट्टीनंतर पहिल्या तालमीला संगीत सुरू झालं, आम्ही दोघं ट्रंकेच्या मागून निघालो, आणि पहिल्याच वळणावर तिचं कपाळ माझ्या कपाळावर आदळलं. सगळे हसले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मग ती उडी आली. मी नेहमीच्या जागी हात पसरून उभा राहिलो, आणि ती ट्रंकेच्या दुसऱ्या बाजूला, जिथे कोणीच नव्हतं तिथे उतरली. एकटी, अगदी सफाईने. उतरून मान वळवून मला शोधत होती. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मॅडमनी संगीत बंद केलं.

सगळ्यांना वाटलं, पोरगी घाबरून विसरली. ती रडायला लागली आणि म्हणाली की मी एक पाऊलही चुकलेलं नाही, बघा. तिने फोन माझ्या हातात दिला. व्हिडिओत तू होतीस, मी होतो, आणि मधे ट्रंक. ताई, ट्रंकेवर आबांचं नाव उलटं होतं. आपला रिंकू, तोच जो आवाज आणि रेकॉर्डिंग बघतो, त्याला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, आपला जुना तळघरातला स्टुडिओ एवढा अरुंद की पूर्ण जोडी फ्रेममध्ये मावत नव्हती, म्हणून तेव्हा त्याने आरशावर कॅमेरा लावून आरशातलंच शूट केलं होतं. इतकी वर्षं आम्ही तो व्हिडिओ पाहिला, पण आम्हाला रचना अंगात पाठ होती, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मैत्रेयीने जे दिसलं ते शिकलं. तिने डावं सगळं उजवं आणि उजवं सगळं डावं, पूर्ण 'ट्रंक' उलटी बसवली होती, आणि ती तिच्या अंगात पक्की बसली होती.

तुला सांगायला नको की बसलेलं काढणं हे नवीन शिकण्यापेक्षा कठीण असतं. दोन दिवस तिने प्रयत्न केला. पहिली दोन वळणं नीट जायची आणि उडीजवळ आली की पाय स्वतःच उलट जायचे. एकदा तर ती मधेच अडखळून ट्रंकेवरून पडता पडता राहिली. मॅडमचा चेहरा मी पाहिला. त्यांना तू पडलीस तो दिवस आठवला असणार. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की पोस्टरं लागली असली तरी चालेल, 'ट्रंक' काढून टाकू, मला पुन्हा कोणाचा गुडघा जायला नको. तू मला ओळखतेस, मी गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून दोनदा परत जातो. पण मीच उठून उभा राहिलो आणि म्हणालो, मॅडम, तिला सरळ करू नका, मीच उलटा होतो.

बोलून तर बसलो. मग कळलं की माझ्या अंगात ती रचना तिच्याहून किती खोल गेली आहे. उजव्या हाताने झेलायची सवय, आता डावा हात पुढे करायचा. चालताना पाय मोजून टाकायला लागलो, चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागलो. मैत्रेयीबरोबरची तालीम दुपारी असते, पण मला सकाळीही सराव हवा होता. घरी सराव करायला जोडीदार नाही. आई म्हणाली मी येते, पण तिला हसू आवरेना. चौथ्या दिवशी आबा रात्रपाळी करून आले, चप्पल काढली नाही, सरळ गच्चीवर आले आणि टाकीखालच्या कट्ट्यावर चढून उभे राहिले. तुझ्या जागेवर. मला म्हणाले, चल.

ताई, तू पाहायला हवं होतंस. तुझ्या अपघातानंतर आबांनी नाच हा शब्द घरात काढला नव्हता. ती ट्रंक घरी आणा, एवढं एकदा म्हणाले होते, आणि मॅडमनी तेव्हा ऐकलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानतो. ते आबा आता रोज सकाळी गार्डचा गणवेश घालून त्या कट्ट्यावर उभे. परेडमध्ये रिक्रुटांना शिकवायचे तसं मला शिकवत होते. मी चुकलो की 'बाएँ' म्हणून असं ओरडायचे की खालच्या मजल्यावरचे विद्यार्थी खिडक्या लावून घ्यायचे. एकाने वर येऊन विचारलं, अंकल, भरती की तैयारी चल रही है क्या? आबा म्हणाले, हाँ. उडी ते मारत नव्हते. कट्ट्यावरून एक पाय खाली ठेवायचे, थांबायचे, वळायचे आणि माझ्या डाव्या हातावर पाठ टेकायचे. आबांची पाठ मी त्याआधी कधी हातावर घेतली नव्हती. वाटते तितकी जड नाही.

असं आठवडाभर चाललं. मग गेल्या बुधवारी ते कट्ट्यावरून उतरले, पाय जमिनीवर ठेवला आणि तिथेच थांबले. वळले नाहीत. आपल्या पायाकडे बघत राहिले. मला वाटलं काहीतरी टोचलं. मग ते म्हणाले, "शंभू, ही पोरगी आता उजव्या पायावर उतरते ना रे?"

मी हो म्हणालो. ते म्हणाले, "आणि फिरते पण उजव्यावरच?"

मी पुन्हा हो म्हणालो. आणि त्या दुसऱ्या 'हो'च्या वेळी मला कळलं ते काय विचारत होते. दहा दिवस मी त्या उलट्या रचनेत राहत होतो आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी फक्त माझ्या हातांचा विचार करत होतो. आबा कट्ट्यावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या दिवशी मी तालमीआधी बसून पूर्ण उलटी 'ट्रंक' एका पायाने तपासली. फक्त डाव्या पायाने, तुझ्या जागेवरून. उडी नाही, गिरकी नाही. एक जागा सोडून डाव्या गुडघ्यावर जोर कुठेच येत नाही. ती जागा म्हणजे शेवटी झाकण बंद करून जमिनीवरून उठतो ती. मी मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या की उठताना शंभू हात देईल, बहीण-भावात तेवढं चालतं. मैत्रेयी शेजारी उभी होती. तिला वाईट वाटेल या भीतीने मी तिच्याकडे बघत नव्हतो, तर ती म्हणाली की दीदी आल्या तर मी विंगमधून बघेन, मला तर त्यांना सरळ कधी बघताच आलं नाही. काल आम्ही दोघांनी सगळ्या कंपनीसमोर पूर्ण रचना केली. एकदाही आदळलो नाही. रिंकू म्हणाला, भाई, अब तो सीधी वाली उलटी लग रही है. मंडी हाउसला मैत्रेयी नाचेल आणि छान नाचेल, आणि मला तिच्याबरोबर उभं राहायचा अभिमान वाटेल. गुरुग्रामलाही तीच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. नोएडाचे शेवटचे दोन प्रयोग चौदा आणि पंधरा फेब्रुवारीला आहेत, आणि त्या दोन दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाशेजारची जागा मॅडमनी कोरी ठेवली आहे. त्यांनी तुझ्याबद्दल बजावलं आहे की तिला कोणी ढकलायचं नाही, ती हो म्हणाली तरी माझी डान्सर आहे आणि नाही म्हणाली तरी आहे. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तू हो म्हटलंस तर मीच तुला ट्रंकेवर चढू देणार नाही. तीन महिने आहेत. मंगळवारी आबांची सुट्टी आहे आणि ते सकाळच्या गाडीने पानिपतला येत आहेत. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, त्यांच्याजवळ देणार आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा ते तुझ्यासमोर बसले असतील आणि खिडकीबाहेर बघत असतील. ते तुला न्यायला आलेले नाहीत. डॉक्टरांकडे तुझ्याबरोबर यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं आहे, तेही तू म्हणालीस तर. मला उत्तर लिहू नकोस, त्यांनाच सांग. तुला पुन्हा नाचावंसं वाटतं का, हे दोन वर्षं त्यांना विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

तुझाच,
शंभू