चिनी अक्षरांची कॅसेट

मी, श्रीरंग विष्णुपंत टिळेकर, वय एकाहत्तर, केंद्र सरकारचा निवृत्त सेक्शन ऑफिसर, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण त्याचा मालमत्तेशी संबंध नाही. वकील निधी मॅडम म्हणाल्या, "अंकल, हिंदी या इंग्लिश में कर लेते हैं, आसान रहेगा." जन्मभर फायलींवर इंग्रजीत शेरे लिहिले, शेवटचा कागद तरी मराठीत असू द्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी सुनयना हयात नाही. द्वारकेचा फ्लॅट, बँकेतील ठेवी आणि सुनयनाचे दागिने हे सर्व माझी एकुलती मुलगी शिवांजली, राहणार गुरुग्राम, हिला मिळावे. फ्लॅट ठेवायचा की विकायचा हे तिने ठरवावे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही जितके सुखात होतो तितके इथे कधी झालो नाही, त्यामुळे या भिंतींचा मला मोह नाही.

२. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, माझ्या घरातून स्पिरिटचा वास येतो यावरून, "अंकल पीते हैं" असे सगळ्या मजल्यांवर पसरवले. ते स्पिरिट कॅसेटचे दाते पुसायचे होते. माझ्या शोकसभेत या गृहस्थांना बोलू देऊ नये.

३. आता त्या कॅसेटविषयी. या टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेट आहेत. हे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण शिवांजली त्यांना डबे म्हणते. देशभरातून लोक मला फोटो पाठवतात, "काका, ही कुठली?" म्हणून. स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. स्टिकरवर विमान असते आणि आत माकड निघते. स्क्रू काढायचा, आतल्या सर्किटच्या पाटीवरचा नंबर वाचायचा, मग चालवून पाहायची. हे मी एकट्याने केलेले नाही. सुभेदार गुलाबराव जगदाळे, लष्कराच्या बिनतारी विभागातून निवृत्त, यांच्याबरोबर केले. कँटोन्मेंटच्या गणपतीत आमची ओळख झाली आणि पुढे आमचे रविवार पालिका बाजारात आणि पहाडगंजच्या भंगारवाल्यांकडे गेले.

शिवांजलीला विचारले तर म्हणाली, "बाबा, सच में, मी काय करू यांचं? मुलांच्या सायकली ठेवायला जागा नाहीये." तिचे चुकले नाही. म्हणून सर्व कॅसेट, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि जुना डबा टीव्ही गुलाबरावांना द्यावा.

४. एका कॅसेटचा उल्लेख वेगळा करतो. ती राखाडी आहे, तिला स्टिकर नाही आणि चालवली की पडद्यावर सगळी चिनी अक्षरे येतात. ती आम्हा दोघांनाही ओळखता आली नव्हती. सुनयनाने मात्र ती उचलली. आमच्या छंदाला ती "रिकामटेकड्यांचा कारखाना" म्हणायची, आणि तीच दुपारची झाकपाक करून या कॅसेटसमोर बसू लागली. एक अक्षर कळत नव्हते, तरी चाचपडत गावोगाव फिरायची, सापांशी लढायची. सुरुवातीला खेळ नाव विचारतो. तिने दिसायला आवडली ती तीन अक्षरे निवडली आणि म्हणाली, "हे माझं चीनमधलं नाव." आत एक छोटा सेल असतो, त्याच्या जोरावर नाव आणि खेळलेला खेळ जपून राहतो.

ती गेल्यावर मी ती कॅसेट लावली नाही. मला धीर झाला नाही. वर्षभराने गुलाबराव ती घरी घेऊन गेले आणि चार दिवसांनी आनंदाने परत आले. "श्रीरंगराव, ओळख पटली. तैवानची आहे." नंबर वाचायला त्यांनी ती उघडली होती. आतला सेल पाझरून पाटीवर पांढरी बुरशी धरली होती. पाझरलेल्या सेलची कॅसेट चालवून पाहायची नाही, आधी सेल काढायचा, हा आमचाच नियम. सेल मेला म्हणजे आतलेही गेले असणार, असे धरून त्यांनी नवा बसवला. मी कॅसेट लावली. खेळाने नाव विचारले.

मी त्यांना दारापर्यंतही पोचवले नाही. त्यानंतर आम्ही बोललो नाही. सेल आधीच मेला होता की त्यांनी काढल्यावर नाव गेले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्यांनी केले ते कॅसेट वाचवायलाच केले, हे मला कळते. कळते म्हणून राग गेला असे मात्र नाही. याहून वाईट म्हणजे ती तीन अक्षरे मला आठवत नाहीत. इतक्या दुपारी शेजारी बसलो, आणि पडद्याकडे नीट पाहिले नाही. मला सुनयनाची आठवण येते आणि गुलाबरावांचीही येते. ही कॅसेट त्यांनाच द्यावी. त्यांच्याकडे ती नीट राहील.

५. पुरवणी. पत्ता पक्का करायला निधी मॅडमनी गुलाबरावांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते मेट्रोने येऊन दारात उभे राहिले. हातात काठी आली आहे. कागद त्यांनी उभ्यानेच वाचला आणि म्हणाले, "मला कायबी नको. मला साक्षीदार करा."

निधी मॅडम म्हणाल्या, "अंकल, जिन्हें कुछ मिल रहा है उनसे गवाही मत करवाइए. बाद में दिक्कत होती है."

"तो मेरा नाम काटिए," ते त्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कॅसेट पोरीला द्या. सही मी करणार."

मी पुष्कळ समजावले. ते ऐकणारे नाहीत, हे मला आधीपासून ठाऊक आहे. सबब गुलाबरावांच्या नावे लिहिलेले सर्व रद्द करून ते शिवांजलीला देत आहे. तिने सायकलींची सोय दुसरीकडे करावी.

ठिकाण : द्वारका, नवी दिल्ली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) श्रीरंग विष्णुपंत टिळेकर

साक्षीदार :

१. श्रीरंगरावांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत.
(सही) मानस देवस्थळी, शेजारी

२. श्रीरंगरावांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीत आहेत. वहिनींचं नाव त्या कॅसेटमध्ये होतं, त्या खेळायच्या तेव्हा ते मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. बिनतारीवर नोकरी केली, पाहिलेली खूण मी विसरत नाही. पहिलं अक्षर खिडकीसारखं, दुसरं शिडीसारखं, तिसऱ्याच्या डोक्यावर छत्री. वकीलबाई नको म्हणत होत्या, तरी तिन्ही खाली काढून दिली आहेत.
(सही) सुभेदार गुलाबराव जगदाळे