विरजणाची डबल ड्यूटी

३ तारीख, सोमवार. सकाळ.
आजपासून बेकरी माझ्या ताब्यात. दादा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट झाला. महिनाभर जड उचलायचं नाही, भट्टीपुढे वाकायचं नाही. जाताना म्हणाला, महिना नीट चालवून दाखव, मग आपण निम्मे निम्मे भागीदार. 'दाखव' हा शब्द जरा खटकला. पण आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नाही.

ऑफिसचा राजीनामा शुक्रवारीच टाकला. इतकी वर्षं लोकांचे पाण्याचे मीटर तपासले, आता पुरे. हिला सांगितलंय की रजा घेतली. ते खोटं नाही. रजा किती लांब, ते तिने विचारलं नाही.

संकल्प: रोज पहाटे चारला बेकरीत. आज सातला पोचलो. पहिला दिवस, धरत नाही.

३ तारीख. दुपार.
भट्टीवाले काका वडिलांच्या काळापासूनचे. मी पोचेपर्यंत दोन घाणे काढून, कपाळावर पीठ फासून बसले होते. मला म्हणाले, या धाकटे मालक, उजाडलं का. माणूस प्रामाणिक आहे, पण व्हिजन नाही.

दादाने जाताना एकच गोष्ट तीनतीनदा बजावली. चिनीमातीच्या बरणीत विरजण आहे ते सांभाळ. रोज संध्याकाळी पीठ मळलं की त्यातला एक गोळा बाजूला काढून बरणीत टाकायचा, दुसऱ्या दिवशीच्या पिठात तो मिसळायचा. त्यानेच पाव फुगतो, त्यानेच चव येते. आजोबांपासून हे असंच चाललंय, एक दिवसाचा खंड नाही. मी मान डोलावली. गोळा काढून बरणीत टाकायला काय अक्कल लागते?

५ तारीख, बुधवार.
चारचा गजर वाजला. बंद केला. पहाटे घेतलेले निर्णय चुकतात असं कुठेसं वाचलंय.

मार्केटिंगला हात घातला. लोकांना हल्ली नुसता पाव नको, पावाची स्टोरी हवी. दारात फळा लावला: 'तीन पिढ्यांची परंपरा. आमचे आजोबा हे पीठ स्वतःच्या पायांनी तुडवून मळत.' खरंच मळत. त्या काळी सगळेच बेकरीवाले परातीत उतरत, दोन माणसं दोरीला धरून तासभर नाचत.

गिऱ्हाइकं फळा वाचत होती, मग हातातल्या पावाकडे बघत होती. एका बाईंनी दोन पाव काउंटरवर परत ठेवले आणि बिस्किटांचा पुडा मागितला. पुढच्या गृहस्थांनी वाकून माझ्या चपलांकडे पाहिलं. लोकांना इतिहासाची आवड राहिली नाही. दुपारी काकांनी न विचारता फळा पुसला.

८ तारीख, शनिवार.
मोठी बातमी. हॉस्पिटलच्या कॅन्टीनची ऑर्डर मिळवली. सोमवारपासून रोज दुप्पट माल. दादाला भेटायला गेलो आणि त्याच्याच मजल्याखालचं गिऱ्हाईक पटवून आलो, याला म्हणतात धंदा. दादाला सांगितलं नाही. सरप्राइज.

काकांना सांगितलं तर म्हणाले, पीठ दुप्पट करता येईल, विरजणाला पोसून वाढवायला चार दिवस द्या. चार दिवस. म्हणजे या धंद्याची प्रगती का झाली नाही ते कळलं.

९ तारीख, रविवार.
तोडगा सापडला. विरजण उबेला लवकर फुगतं, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. मग ऊब वाढवली की काम वाढणार, साधा हिशेब. काका सकाळचं काम आटोपून घरी गेल्यावर बरणी उचलून भट्टीच्या माथ्यावर ठेवली. वर जाड गोणपाट घातलं. आता करू दे डबल ड्यूटी. तीन पिढ्यांत हे कुणाला सुचलं नाही, याचं नवल वाटतं. दुपारी घरी जाऊन मस्त ताणून दिली.

९ तारीख. संध्याकाळ.
काकांनी बरणी उघडली आणि खालीच बसले. वरून खडखडीत कवच, आतून शिजलेला लगदा. काका म्हणाले, भाजलंत ते, मेलं. म्हटलं, थोडं कोरडं पडलंय, पाणी घाला. म्हणाले, मेलेल्याच्या तोंडात पाणीच घालतात. शेवटी मालक म्हणून हुकूम सोडला: घाला तेच. घातलं त्यांनी.

१० तारीख, सोमवार.
पाव फुगला नाही. पण त्यालाही मागणी असू शकते. फळ्यावर लिहिलं, 'नवीन: डाएट पाव.' कॅन्टीनवाल्याने एक पाव टेबलावर आपटला, त्याचा आवाज त्याच्या स्वयंपाक्याने आतून ऐकला. म्हणाला, वरती पेशंट आहेत, त्यांना टाके आहेत. ऑर्डर रद्द.

बरं झालं. मोठ्या ऑर्डरमध्ये क्वालिटीकडे दुर्लक्ष होतं.

१२ तारीख, बुधवार.
बाजारातून यीस्टची पाकिटं आणली. सायन्स आहे, लाजायचं काय. पाव टम्म फुगले. मी काकांकडे बघितलं, काका भिंतीकडे बघत होते.

रोजचे एक पेन्शनर आजोबा येतात, त्यांनी तिथेच तुकडा मोडून खाल्ला. म्हणाले, दादा कधी येणार? म्हटलं, का, पाव आवडला नाही का? म्हणाले, नाही, पाव काय, पांढरा आहे. आणि पुन्हा विचारलं, दादा कधी येणार.

१५ तारीख, शनिवार.
गिऱ्हाईक कमी. कारणं: हवा, परीक्षा, मैद्याचा दर्जा, लोकांच्या जिभा. निम्मे लोक समोरच्याकडे जाताना दिसले. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा बेकरीवाला. दुकान एवढंसं, त्यात एक बल्ब. व्हिजन त्यालाही नाही. रांग मात्र आहे.

वहिनीचा फोन. भाऊजी, सगळं ठीक ना, हे सारखं विरजणाचं विचारतात. म्हटलं, विरजण एकदम शांत आहे. यात एक अक्षर खोटं नाही.

१८ तारीख, मंगळवार.
दादाला परवा घरी सोडणार. काकांना म्हटलं, काही बोलू नका. म्हणाले, विचारलं नाही तर बोलणार नाही, विचारलं तर खोटं बोलणार नाही. असल्या माणसाला घेऊन धंदा कसा करायचा?

हिने विचारलं, ऑफिसमधून एकही फोन कसा नाही तुम्हाला? म्हटलं, मोठ्या माणसाला रजेत त्रास देत नाहीत. ती बघत राहिली. मी पेपर उघडला.

१९ तारीख, बुधवार.
नाक मुठीत धरून समोरच्याकडे गेलो. म्हटलं, थोडं विरजण हवंय, प्रयोगासाठी. त्याने काही विचारलं नाही. आत जाऊन बरणीतून मोठा गोळा काढला, ओल्या फडक्यात बांधून दिला. म्हणाला, माझं एकदा पार नासलं होतं, तेव्हा तुमच्या दादानेच दिलं होतं. म्हणजे तुमचंच आहे हे, घेऊन जा. मग म्हणाला, फक्त भट्टीवर ठेवू नका.

याला कुणी सांगितलं? पण गोळा हातात आल्यावर जिवात जीव आला. आपलंच आपल्याकडे परत आलं, म्हणजे गेलंच नव्हतं म्हणायचं. दादाला सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

२३ तारीख, रविवार.
दादा काठी टेकत बेकरीत आला. पाव मोडला, वास घेतला, खाल्ला. म्हणाला, बरोबर आहे. मी छाती फुगवून म्हटलं, सांभाळलं की नाही? दादा म्हणाला, हो, समोरच्याने सांभाळलं.

समोरचा रोज दवाखान्यात जात होता दादाला भेटायला. सोबत पाव घेऊन. बरणीबद्दल दादाने काकांना ती भाजली त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारलं होतं, आणि काका विचारल्यावर खोटं बोलत नाहीत. म्हणजे मी बरणीचं लपवत होतो तेव्हा वरच्या मजल्यावर सगळं माहीत होतं.

३० तारीख, रविवार.
दादाने निर्णय सांगितला. त्याला आता जड काम झेपणार नाही. समोरचा आणि तो भागीदार, दोन्ही दुकानांची एकच भट्टी. मी विचारलं, आणि मी? दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, विरजण मेलं त्याचं काही नाही रे, ते पुन्हा धरता येतं. पण तू मला विचारायला आला नाहीस. दवाखाना दहा मिनिटांवर होता. मग म्हणाला, यायचं असेल तर ये, परातीपासून सुरुवात कर, काका शिकवतील. पगार देईन.

पगार ऑफिसच्या निम्मा आहे. दुपारी ऑफिसच्या साहेबांच्या घरी जाऊन आलो. माझ्या जागी माणूस आला. म्हणाले, तुमच्यापेक्षा वेळेवर येतो.

लिहायला नको वाटतंय, पण फार वाईट वाटलं. बेकरीच्या मागच्या दारात पोत्यावर बसून राहिलो. काकांनी चहा आणून ठेवला आणि म्हणाले, बसलाच आहात तर हात धुवा. संध्याकाळचं पीठ मी मळलं. रात्री ते फुगल्यावर काकांनी त्यातला एक पाव मला भाजायला दिला; आकार वाकडा झाला, आणि भट्टीतून काढायला मी उशीर केला. काकांनी मुद्दाम आठवण केली नाही.

घरी हिला सगळं सांगितलं. राजीनामा, बरणी, साहेब, सगळं. ती म्हणाली, शेजारी मी रजा आहे म्हणून सांगत होते, आता काय सांगू? म्हटलं, शिकतोय म्हणून सांग. म्हणाली, या वयात? म्हटलं, हो.

मग तिने मी आणलेला पाव पिशवीतून काढला. खालून कोळसा झाला होता. सुरीने जळकं खरवडलं, उरलेल्याचे दोन भाग केले आणि एक माझ्या ताटात टाकला.