माझ्या सदक्याला ही चवळी तळू नये

मी, सगीर दान-असाबे, वय एकसष्ट, धंदा चवळीचे नवे वाण तयार करणे, राहणार गिदान कासा, मुलूख कानो, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके अजून ठिकाणावर आहे.

घर, शेत, बैल आणि मोटरसायकल शरियतच्या वाट्यांप्रमाणे पत्नी डेलू व दोघे मुलगे यांना जावी. तिथे माझी लेखणी चालत नाही. मला मनाने देता येतो तो तिसरा हिस्सा, आणि तोही वारस नसलेल्यालाच.

त्यातून भिंग आणि फुलांच्या संकराचा चिमटा शेजारच्या नसीरू न्हाव्यास. तो एरवीही उसना नेतोच. आता परत आणण्याचा त्रास घेऊ नये.

मी ज्या बियाणे संशोधन केंद्रात राबलो, त्याचे माजी संचालक हारुना यांनी माझ्या पहिल्या वाणाला स्वतःचे नाव लावले. त्यांनी दफनाला यावे, भाषण मात्र करू देऊ नये. त्या वाणाबद्दल माझी धाकटी बहीण तलातू म्हणाली होती, "दादा, तुझ्या चवळीला भुंगा तोंड लावत नाही, आणि आम्हीही नाही. शिजता शिजत नाही मेली! सरपण काय तुझं केंद्र देणार?" तेव्हा ते नाव त्यांनाच लखलाभ.

कोठीतल्या मोठ्या मडक्यातली पांढरी चवळी मी तलातूला देतो. मुलगे असताना बहीण वारस ठरत नाही, म्हणून हे कायदेशीर आहे. हा वाण पिकाची मुळे शोषणाऱ्या टारफुल्या तणाला दाद देत नाही, दोन महिन्यांत हाती येतो, भिजवला की साल सुटते, थोडक्या सरपणात शिजतो. तलातूने ही चवळी दुसऱ्यांदा वाढून घेतली. तिच्या गावची निम्मी शेते टारफुल्याने खाल्ली आहेत. केंद्राची शीतखोली वीज नसल्याने तापली आणि तिथले बियाणे भुंग्यांनी पोखरले. आता या वाणाचे एवढेच दाणे उरले आहेत.

मी घाबरलो आहे. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या नावाने सदका म्हणून गोरगरिबांना कोसाई वाटतील, म्हणजे चवळीचीच भजी, आणि सुगीआधीच्या या टंचाईत घरात दुसरी चवळी नाही. तलातूच्या गावचा रस्ता डाकूंमुळे बंद आहे. सैनिकांच्या गाड्यांबरोबर ती सातव्या दिवसाआधी पोचणार नाही. डेलूला मी विनवले. ती म्हणाली, "नवऱ्याच्या नावानं गरिबाच्या हातावर एक कोसाई ठेवू नको? मला काय दगडाची समजलात?" अगं, मला पुण्य नको. पाऊस पडेपर्यंत ते मडके राहू दे, पाया पडतो तुझ्या. दाण्यांना विष चोळून ठेवावे असेही मनात आले. पण तुम्ही धुऊन शिजवाल आणि पोरे मरतील, म्हणून चोळले नाही.

आमच्याकडे मृत्युपत्र सदका झाल्यावर उघडतात. म्हणून इमाम ईनूवा यांनी हे आजच, माझ्या जिवंतपणी, अंगणात सर्वांसमक्ष वाचावे.

सही: सगीर दान-असाबे
साक्षीदार: इमाम ईनूवा, गार्बा लोहार
गिदान कासा, ९ जून

साक्षीदाराची नोंद: वरील मजकूर आज अंगणात वाचला. डेलूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग पेरणीपर्यंत जगा ना. जगलात तर एक दाणा तळणार नाही." सगीर म्हणाले, "तेवढंच जमत नाहीये गं." कोठीची किल्ली अजून डेलूबाईंच्याच कमरेला आहे.
— ईनूवा