मिठाची शपथ

९ जून १९३०
आलो एकदाचे नाशकात. देवरामने गंगापूर रस्त्यावर दोन खोल्या आधीच पाहून ठेवल्या होत्या, चुलीपाशी लाकडंही रचली होती. शाळासोबती असावा तर असा. सटाण्याला माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारा हा गडी इथे डॉक्टर झाला, आणि त्याच्याच शब्दावर मला चित्रकलेच्या मास्तराची जागा मिळाली. चंद्रभागेने खोल्या तीनदा झाडल्या. खाली फरशी आहे, सारवायला काही नाही, म्हणून आमच्या बाईसाहेब जरा नाराज आहेत.

१४ जून
उजव्या गालातली जुनी कळ पुन्हा उठली. दाढीला वस्तरा टेकला की जबड्यापासून कपाळापर्यंत कुणी सुई ओढतंय असं होतं. देवराम म्हणाला, चेहऱ्याची शीर दुखते आहे, आकडी येणाऱ्यांना देतात तेच औषध हिला लागू पडेल. त्याचा कंपाउंडर लियाकत मालेगावचा, अबोल. त्याने बाटली भरून तिच्यावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवली. एक खाच म्हणजे एक डोस.

१७ जून
कळ गेली. पुरती गेली. आज दोन्ही गालांनी भाकरी चावली.
शाळेत सगळेच सरकारी मीठ सोडायच्या गोष्टी करतात. मीही सोडलं, कर उठेपर्यंत. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे, दोन दिवसांत लोणच्याच्या बरणीत हात जायचा. म्हणून चंद्रभागेला माझ्या गळ्याची शपथ घातली, मी पाया पडलो तरी मीठ द्यायचं नाही. शपथ मोडली तर मी मरेन अशी तिची खात्री आहे, तेव्हा काळजी नको. देवराम ऐकून खूश झाला. पाठ थोपटून म्हणाला, मोडू मात्र नकोस.

३ जुलै
अळणी आमटी आता चालते. झोप फार येते. या वयात तोंडावर पुटकुळ्या उठल्यात, पोरं हसतात. काल फळ्यावर तांब्या काढताना हात थांबला, तांब्याला गळा असतो की नाही तेच आठवेना. देवरामला सांगितलं. त्याने वहीत टिपून घेतलं आणि डोस वाढवला.

८ जुलै
चंद्रभागा चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि चंद्रभागाच दारातही उभी होती. चुलीजवळची म्हणाली, दारात कुणी नाही. दारातली हसली.

१० जुलै
सगळं कळलं. विसरायच्या आत लिहितो.
दवाखान्यात देवराम नव्हता. लियाकतने मला बाकावर बसवलं. म्हणाला, "मास्तर, आधी मीठ खा. बाकीचं मग बोलू." हे औषधही एक जातीचं मीठच आहे म्हणे. पोटात खरं मीठ जात नसलं की शरीर यालाच धरून बसतं, बाहेर सोडत नाही, आणि माणसाचं डोकं फिरतं. देवरामला हे पहिल्यापासून ठाऊक. लियाकतने त्याची वही उघडून दाखवली. माझ्या नावाखाली देवरामचं सुबक अक्षर: मीठ रोग्याने आपणहून सोडले आहे. खुलासा करू नये. काय होते ते पाहावे.
याला मी भाऊ मानलं. डोळे मिटून विश्वास टाकला, आणि हा माझ्याकडे पाहत बसला.
लियाकतपाशीच चिमूटभर मागायला हवं होतं. पण आधी चंद्रभागेला शपथेतून सोडवावं, मग खावं, असं वाटलं. मास्तरी अक्कल.

११ जुलै
शपथ सुटली म्हणायला गेलो. जीभ जड, भलतेच शब्द आले. ती घाबरून देवरामकडे धावली. त्याने सांगितलं, भ्रमिष्टाने सोडवलेली शपथ सुटत नाही, औषध चुकवू नका. मिठाचा डबा शेजारच्या कुसाबाईकडे गेला. चंद्रभागा रडते आणि देत नाही. माझीच बायको, माझ्याच शपथेने —

१२ जुलै
दारातली आत आली आहे. उभं राहवत नाही. बाटलीला शिवलो नाही. लियाकतला कामावरून काढलं म्हणे. चंद्रभागेच्या पाया पडलो — चिमूटभर — नाही म्हणाली —

१३ जुलै
ऐकलं तिने. पेज दिली. खारट. डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी शपथ मोडली, आणि मी तिला काय काय बोललो —
दोन वाट्या प्यालो. डोकं आणखी जड का —
विचारलं, मीठ कुठून आणलंस. मान खाली. हे मीठ नाही, म्हणाली. देवरामभावजींनी सांगितलं, बाटलीला शिवत नाहीत तर पेजेत ओता — सगळी —
दोघी आल्या. तिसरी वाटी —