पालक आले की चालणारं मशीन

ती. बाबांना आणि आईला नमस्कार, धाकटीच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा.

मी मजेत आहे. जेवण पोटभर मिळतं, खोकलाही पळाला. आईला सांगा, कामाचा निळा डगला धुवायचा मुळीच त्रास नाही. त्याच्यावर तेलाचा एक डागसुद्धा पडत नाही.

तुम्ही विचारलंत, धाकटीलाही याच कॉलेजात घालू का? दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथला तर जवळूनही साजराच आहे. मोठं लेथ मशीन तुम्ही पाहिलंतच. पालक येणार असले की ते घरघरतं. एरवी त्याच्यावर चादर असते आणि आम्ही फळ्यावरून त्याचं चित्र उतरवून घेतो. चित्र मला आता झोपेतही काढता येईल.

सोडून यावं म्हटलं, तर माझे मूळ दाखले ऑफिसच्या कपाटात आहेत. कोर्स संपल्याशिवाय देत नाहीत म्हणे. तरी काळजी करू नका, दिवस जातात. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का?

धाकटीला घेऊन खुशाल बघायला या, पण लगेच हो म्हणू नका. मागच्या वेळी मशीनवर काम करणारा मुलगा पाहून तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात. म्हणाला होतात, "बघ, वर्षभरात तूही असाच तयार होशील."

झालो, बाबा. आता पालक आले की मशीनपाशी मलाच उभं करतात. बटण सर दाबतात.

तुमचा,
थोरला