शिवेपर्यंत चाललेलं चाक

सौंसर, १७ मार्च १९५७

प्रिय मोरेश्वर,

नलिनीवहिनींच्या हाताचं प्लास्टर निघालं, हे मला बाजारात कळलं. तू कळवलं नाहीस, आणि काहून कळवशील? माझं मागचं पत्र दोस्ताचं नव्हतंच, कारखानदाराचं होतं.

इकडे काम चालून राहिलं आहे. नोव्हेंबरात राज्यं बदलली, नागपूर राज्याच्या सीमेपल्याड गेलं, नवे साहेब आले. दौऱ्यावर जीपमागे ओढायची झोपायची खोली त्यांना पाहिजे, म्हणून माझ्या ट्रेलरांना मागणी आहे. लोक म्हणतात, गजाननशेठनं बैलगाडीले पडदे लावले अन् साहेबाले विकली. मीही हसतो. पण आताशा सकाळी हातोडा उचलतानाच दमायला होतं, आणि हा थकवा वयाचा नाही.

तुझा ट्रेलर मी हौसेनं बांधला होता. शाळा तपासत तू महिन्यातले वीस दिवस बाहेर, वहिनी पांढुर्ण्यात एकट्या. आता दोघं मिळून फिरणार होतात. पडदे त्यांनी स्वतः शिवले. स्टोव्हपाशी जागा वाढवायला मला दोनदा फळी कापायला लावली, वर विचारलं, "भाऊजी, तुम्ही कधी पोळ्या लाटल्या काय?"

सोबत मी छापील गॅरंटी दिली होती. चाकांचा आस आणि सांगाडा सहा महिने माझ्या जिम्म्यावर. वंगण, चाकांचे नट, टायर आणि छपराचे सांधे मालकाच्या. कागदात खोट नव्हती. तिसऱ्या महिन्यात रामाकोन्याजवळ चाक निखळलं, वहिनींचा हात मोडला. तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं, वंगण नव्हतं म्हणून चाक गेलं, गॅरंटी लागू नाही. तू एका शब्दानं भांडला नाहीस. वंगणाचं काम नत्थूजीचं. तुझ्या वडिलांच्या टांग्यापासून तुमच्या घरी असलेल्या त्या ड्रायव्हरला तू काढून टाकलंस.

काल तो माझ्या फाटकात उभा होता. मला वाटलं, काम मागायला आला. त्यानं पिशवीतून वंगणाचा रिकामा डबा काढला. "शेठ, काम नको. पण म्या घातलं होतं जी, डबा पाहा. माह्यामुळं बाईंचा हात मोडला असं सारे म्हणून राहिले." एवढंच दाखवायला तो सौंसरपर्यंत आला होता.

मी ज्यांच्या हाताखाली गाड्या बांधायला शिकलो ते भिवाजी मिस्त्री नव्या गाडीबरोबर गावच्या शिवेपर्यंत पायी जात. कुणाशी बोलायचं नाही, नुसतं चाक ऐकायचं. चाक बरोबर बोललं तर शिवेवर नारळ फोडायचा. नाही तर गाडी माघारी, मालक कितीही तणतणो. तुझ्या ट्रेलरबरोबर मीही तसाच चाललो. तुला वाटलं, गजानन थाट करून राहिला. मोरेश्वर, मला 'टक्' ऐकू आलं. चाकाच्या दर फेऱ्याला एक. वंगण कमी असलं की चाक घरघरतं. हा आवाज आसाला गेलेल्या चिरेचा होता. आस मी लिलावातला जुना, वेल्डिंग केलेला घातला होता. दोन साहेब पुढची ऑर्डर द्यायला उभे होते, वहिनी पडदा सारून हात हलवत होत्या. मी नारळ फोडला.

निखळलेलं चाक नंतर मी एकट्यानं उघडलं. आत वंगण लोण्यासारखं भरलेलं, आस वेल्डिंगवर तुटलेला. तरी तुला ते उत्तर लिहिलं.

नवा आस बसवून देईन, पण त्यासाठी हे पत्र नाही. ते घेऊन आलाय तो नत्थूजीच. त्याला वाचता येत नाही, आणि त्याच्या तोंडावर हे सांगायची माझी छाती झाली नाही. त्याला पायरीवर उभा ठेवू नकोस. आत बसव, वहिनींना बोलाव, आणि हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. नारळाची ओळ गाळू नकोस.

दोस्तीची मुदत अजून उरली असेल तर,
तुझाच
गजानन