वारा पडेपर्यंत

१२ ऑक्टोबर, रविवार
ठरलं. आत्याचे धवले रेकॉर्ड करायचे. लग्नात म्हणायचे हे धवले सगळेच्या सगळे पाठ असलेली धवलारीण आमच्या जिते गावात आता एकच, आमची धोंडुआत्या. आई गेल्यावर मला आणि पूजाला तिनेच वाढवलं. तिचं एकच मागणं: "पूजाच्या लग्नाला मी आसंन नसंन, माजा आवाज मांडवात पायजे." पूजाने लगेच मोबाईल काढला. मी ठेवायला लावला. मोबाईलवर घेणं म्हणजे चेष्टा.

अडचण अशी की लग्नाशिवाय धवले तोंडातून काढायचे नाहीत. लग्न म्हणजे अंगण आणि अंगण म्हणजे खाडीचा वारा. तोडगा आत्यानेच काढला. "तुळशीचं लगीन हाय ना. त्ये पन लगीनच." म्हणजे २ नोव्हेंबर. भरपूर वेळ आहे.

१९ ऑक्टोबर
शिफ्ट सुटल्यावर रोह्यात झुबेरच्या दुकानात. तो म्हणाला, हा छोटा रेकॉर्डर घे, कॉलरला लावायचा माइक घे, काम झालं. झुबेर मस्कतला राहून आला, पण आउटडोअर साउंडमधलं त्याला काही कळत नाही. मी ढीगभर व्हिडिओ बघितलेत. मोठा माइकवाला ऑनलाइन मागवला.

२६ ऑक्टोबर
रेकॉर्डर आला. अंगणात टेस्ट. हॅलो, हॅलो. ऐकलं तर नुसतं घूंऽऽ. माझी चूक नाही, वारा अडवायला माइकला केसाळ टोपी लागते. तीही मागवली. आत्याला खोकला झालाय. बरंच आहे, घशाला आराम मिळेल.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
टोपी आली नाही. कुरिअर पेणला अडकलंय. इकडे आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून तुळशीपुढे बसलेली. ऊस, चिंचा, आवळे, सगळं मांडलेलं. वारा भयंकर. पूजा म्हणाली, दादा, आहे तसं घे ना. मी दोघींना शांतपणे समजावलं. तुळशीचं लग्न पौर्णिमेपर्यंत कधीही चालतं, मग घाई कसली? आत्या हसली. "तू म्हनशील तवा." आणि लुगडं बदलायला आत गेली. जरा वाईट वाटलं. पण क्वालिटीत तडजोड नाही.

४ नोव्हेंबर
आत्या पहाटे गेली. साधा खोकलाच होता, सगळे तसंच म्हणत होते.

५ नोव्हेंबर
पौर्णिमा. घरात सुतक, त्यामुळे यंदा तुळशीचं लग्न नाही. पूजा माझ्याशी बोलत नाही. खरं तर तिने कुरिअरवाल्यावर रागवायला हवं. दिवसभर वारा अजिबात नव्हता.
मला आत्या हवी आहे.

७ नोव्हेंबर
टोपी आली. माल चांगला आहे, झुबेरला दाखवायला हवा. संध्याकाळी अंगणात लावून टेस्ट रेकॉर्ड केली, मग हेडफोन घालून ऐकलं. वाऱ्याचा मागमूस नाही. एकदम क्लिअर. कुणीतरी हुंदके देऊन रडतंय, तेवढं सोडून दुसरा आवाजच नाही.
पूजा असेल म्हटलं. पण ती सकाळपासून मावशीकडे आहे. म्हणजे मीच.